कंपनी कुटुंबाला नेऊ देत नाही

हॅम्बर्ग प्रभाच्या मनातून तेहतीस वर्षांपूर्वीच उतरलं होतं, आणि तोवर तिनं ते पाहिलंही नव्हतं.

१९९१ साली तिचे यजमान वासुदेव निमकर चिंचवडला क्रेन बनवणाऱ्या एका कारखान्यात इंजिनियर होते. कारखान्याचा हॅम्बर्गच्या एका कंपनीशी करार झाला आणि निरनिराळ्या गावांतल्या शाखांमधून चार जणांना दोन वर्षांसाठी तिकडं पाठवायचं ठरलं. त्यात वासुदेवांचं नाव होतं. मैथिली तेव्हा सात वर्षांची होती. वासुदेवांच्या आईला अर्धांगवायूचा झटका येऊन वर्ष झालं होतं, पण पुण्यातच नणंद होती, जाऊ होती. काहीतरी सोय झाली असती. प्रभानं वासुदेवांच्या जर्मन क्लासची वही उघडून वीसपर्यंत आकडे पाठ केले होते. मग एका संध्याकाळी वासुदेव घरी आले आणि बूट काढता काढता म्हणाले, "कंपनी कुटुंबाला नेऊ देत नाही. विचारून पाहिलं मी." प्रभानं वही मिटून फळीवर ठेवली.

ते गेले आणि पत्रं यायला लागली. चार वाजताच अंधार पडतो. आभाळ भिजलेल्या राखेसारखं. खोलीला एकच खिडकी, तीही समोरच्या भिंतीवर उघडणारी. कुणी कुणाशी बोलत नाही. रोज उकडलेले बटाटे. प्रभा ही पत्रं सासूबाईंच्या पलंगाशी बसून मोठ्यानं वाचायची. सासूबाईंना नीट बोलता येत नसे, पण त्यांच्या डाव्या डोळ्यातून पाणी यायचं आणि प्रभा ते पदरानं टिपायची. त्या उन्हाळ्यात तिनं आंबा सोडला. त्यांना तिकडं मिळत नाही तर आपण कशाला खायचा, एवढाच विचार. पुढच्या वर्षीही खाल्ला नाही.

दोन वर्षांनी वासुदेव परत आले ते कमी बोलणारे होऊन आले. आधीही ते फार बोलत नसत, पण आता जेवताना ताटाकडे बघत जेवायचे, रविवारी एकटेच लांब चालायला जायचे. "फार सोसून आलाय तो," असं सगळे म्हणत. प्रभाही तेच म्हणायची. ते चिडले की ती गप्प बसायची, त्यांनी दोन-दोन दिवस अबोला धरला तर मैथिलीला समजवायची, "बाबांना तिकडं एकट्यानं राहायची सवय झालीय, त्यांना त्रास देऊ नकोस." अशी तीस-बत्तीस वर्षं गेली.

मैथिलीला हॅम्बर्गला नोकरी लागली तेव्हा प्रभाचा जीव वर-खाली झाला होता. विमानांच्या अंतर्भागाचं डिझाइन करायचं काम, पगार चांगला, मुलगी खूष. पण शहर ते. मैथिली तिथं नऊ वर्षं एकटी राहिली, तिनं लग्न केलं नाही, आणि दर वर्षी ती आईबाबांना बोलवायची. दर वर्षी वासुदेव काहीतरी कारण काढायचे. व्हिसाची कटकट. गुडघे. "आणि बघायला आहे काय तिथं?" यंदा मैथिलीनं न विचारता दोघांची तिकिटंच पाठवली.

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात ते उतरले. प्रभानं दोन स्वेटर अंगात घातले होते आणि एक हातात धरला होता. विमानतळाबाहेर स्वच्छ ऊन होतं. टॅक्सीच्या काचेतून तिला आधी झाडंच दिसली, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना, इतकी हिरवी की तिला वाटलं आपण शहराबाहेर निघालो आहोत.

"शहर कधी येणार?" तिनं विचारलं.

"आई, हेच शहर आहे," मैथिली म्हणाली.

पहिल्या चार दिवसांत प्रभाच्या मनातलं एकेक काही खोटं ठरत गेलं. रात्रीचे साडेनऊ वाजले तरी उजेड मावळत नव्हता. शहराच्या ऐन मध्यावर तळं होतं, त्यात पांढऱ्या शिडांच्या होड्या होत्या, काठच्या गवतावर माणसं चपला काढून बसली होती. मैथिलीच्या घराखालच्या बेकरीतली बाई दुसऱ्या दिवशी तिला ओळखून हसली. पाऊस आला तो एकदाच, तोही इतका बारीक की कुणी छत्री उघडली नाही. मैथिलीनं दोघांना बंदरातल्या फेरीबोटीत बसवलं. बसच्याच तिकिटावर बोट चालते याचं प्रभाला फार कौतुक वाटलं. बोटीच्या वरच्या मजल्यावर एका म्हातारीनं सरकून तिला जागा दिली आणि मग अर्धा तास जर्मनमधून तिच्याशी गप्पा मारल्या. प्रभाला त्यातलं काही कळलं नाही. ती जर्मन होकार म्हणून नुसतं "या, या" म्हणत राहिली आणि दोघी हसत राहिल्या.

"कुणी कुणाशी बोलत नाही म्हणायचात ना?" तिनं वासुदेवांना विचारलं.

"ही मे महिन्यातली गंमत आहे," ते म्हणाले. "नोव्हेंबरात ये, मग कळेल."

तिला ते पटलं. हिवाळ्यात तसं असेलही. पण दुसऱ्या काही गोष्टी होत्या, त्या तिच्या नजरेतून सुटल्या नाहीत. मेट्रोनं बंदराकडे जाताना गाडी बोगद्यात असतानाच वासुदेव उठले आणि डावीकडच्या खिडकीशी जाऊन बसले. मिनिटभरात गाडी उजेडात आली, पुलावर चढली, आणि डावीकडे सगळं बंदर उघडलं: पाणी, जहाजं, पलीकडच्या काठावर क्रेनच्या रांगा. वासुदेव काचेला कपाळ टेकून बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते प्रभानं मैथिलीच्या जन्माच्या वेळीही पाहिलं नव्हतं. तिला वाटलं, जिथं दुःख काढलं ती जागा पुन्हा पाहताना माणसाला असंच होत असेल. तिनं त्यांच्या हातावर हात ठेवला. त्यांनी तो हळूच काढून घेतला.

शनिवारी दुपारी मराठी मंडळाचा कार्यक्रम होता. बार्मबेक भागातल्या एका सभागृहात महाराष्ट्र दिन उशिरानं साजरा करणार होते. वासुदेव म्हणाले, "माझा गुडघा दुखतोय. आणि तू तरी कशाला जातेस अनोळखी माणसांत?"

"मराठीच माणसं आहेत ना," प्रभा म्हणाली.

"म्हणून काय झालं? राहा घरी."

ते दोनदा म्हणाले. एरवी प्रभा राहिली असती. पण मैथिलीनं साडी काढून ठेवली होती, आणि बाहेर ऊन होतं.

सभागृहात साठ-सत्तर माणसं होती. बहुतेक तरुण, कडेवर मुलं, ताटांत साबुदाणावडे. मैथिलीनं तिला एका वयस्कर बाईंसमोर नेलं. पांढरे, आखूड कापलेले केस, खादीचा कुर्ता, पायात स्पोर्ट्सचे बूट. "आई, या ऊर्मिला काकतकर. मंडळ यांनीच सुरू केलं."

त्या बाईंनी प्रभाकडे जरा वेळ पाहिलं. "निमकर वहिनी? म्हणजे वासुदेवरावांच्या? शेवटी आलात म्हणायचं." त्यांनी प्रभाचे दोन्ही हात धरले. "आमचे हे, शरदचंद्र, असते तर फार खूष झाले असते. चार वर्षं झाली त्यांना जाऊन. बसा, बसा. विमानाची भीती गेली वाटतं?"

"कसली भीती?" प्रभानं विचारलं.

"विमानाची हो. म्हणूनच नाही ना आलात तेव्हा? आम्ही किती वाट बघितली तुमची. चौघांपैकी तिघांच्या बायका आल्या होत्या. तुमच्या शेजारचाच फ्लॅट आमचा."

प्रभाला आधी वाटलं, या दुसऱ्याच कुणाबद्दल बोलताहेत. ती म्हणाली, "कंपनीनं परवानगी दिली नव्हती ना कुटुंबाला."

"कोण म्हणालं?" ऊर्मिलाबाई हसल्या, आणि मग प्रभाचा चेहरा बघून त्यांचं हसू थांबलं. "वहिनी, कंपनीनं सगळ्यांना फॅमिली फ्लॅट दिले होते. तुमच्याकडं तर मुलीची म्हणून वेगळी खोली होती. गल्लीच्या तोंडाशी शाळा. वासुदेवराव म्हणाले, प्रभाला विमानाची फार भीती वाटते, आणि परका देश नको म्हणते. आम्ही बायकांनी तुम्हाला पत्र लिहायचं ठरवलं होतं, धीर द्यायला. ते म्हणाले, नको, तिला अवघडल्यासारखं होईल."

मैथिली शेजारीच उभी होती.

"ते कसे राहायचे इथं?" प्रभानं विचारलं. आपला आवाज नेहमीसारखा येतोय याचं तिला नवल वाटलं.

ऊर्मिलाबाई आता जपून बोलत होत्या, पण जे सांगायचं ते त्यांनी सांगितलं. बाल्कनीत टोमॅटो लावले होते. तळ्यावर जाऊन होडी वल्हवायला शिकले होते. रविवारी सगळ्यांना घरी बोलवायचे, स्वतः पिठलं करायचे, आणि जेवणं झाली की नाट्यगीतं म्हणायचे. खालच्या मजल्यावरचं जर्मन जोडपंही ऐकायला यायचं.

"गायचे?"

"छान गायचे. आता गात नाहीत?"

प्रभानं चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात वासुदेवांना आरतीशिवाय काही म्हणताना ऐकलं नव्हतं. तिनं पदर सारखा केला आणि विचारलं, "कुणी बाई होती का त्यांच्या आयुष्यात? मला खरं सांगा. आता या वयात मला काही व्हायचं नाही."

"नाही हो," ऊर्मिलाबाई लगेच म्हणाल्या. "भिंतीला भिंत होती, मला कळलं असतं. कुणी नव्हतं."

हे ऐकून प्रभाला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. तसं वाटलं नाही. बाई असती तर निदान तिला एक कारण मिळालं असतं.

परतताना गाडीत मैथिली म्हणाली, "आई, मला माहीत होतं."

"कधीपासून?"

"दोन वर्षं झाली. ऊर्मिलाकाकूंनीच सांगितलं, असंच बोलता बोलता. त्यांना वाटलं मला ठाऊक असणार."

"आणि तू मला सांगितलं नाहीस."

"सांगून काय झालं असतं? तुम्ही दोघं तिकडं पुण्यात. रोज एका घरात." मैथिली रस्त्याकडे बघत होती. "मला वाटलं, तू एकदा शहर तरी बघावंस. बघितल्यावर तुझं तुलाच काहीतरी कळेल. म्हणून काकूंशी ओळख करून दिली."

"म्हणजे तूही ठरवलंस, मला काय कळावं आणि कधी," प्रभा म्हणाली.

घरी आल्या तेव्हा सहा वाजले होते. वासुदेव बाल्कनीत मोबाइलवर मराठी बातम्या वाचत होते. मैथिली स्वयंपाकघरात गेली आणि तिनं दार लावून घेतलं. प्रभा समोरच्या खुर्चीवर बसली.

"अहो, काकतकर वहिनी भेटल्या."

वासुदेवांनी मोबाइल उलटा करून टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "आईला कोण बघणार होतं?"

"तसं सांगायचं होतं. आईसाठी राहा म्हणाला असतात तर मी राहिले असते."

"माहीत आहे. राहिली असतीस." त्यांनी चष्मा काढला. "आणि मी इथं रोज उठून तेच आठवत बसलो असतो, की मी तुला आईपाशी ठेवून आलो. कंपनी नाही म्हणाली म्हटलं की कुणाचाच दोष उरत नाही."

"फक्त आईसाठी?"

"नाही," ते म्हणाले. "मी एकोणीस वर्षांचा असताना वडील गेले. तेव्हापासून दोन बहिणी, भाऊ, आई, मग तू, मैथिली. मला दोन वर्षं कुणाचंही काही व्हायचं नव्हतं. नुसतं कामावर जायचं आणि घरी यायचं. एवढंच हवं होतं. दुसरं काही नव्हतं, प्रभा."

"आणि ती पत्रं? तो अंधार, ते बटाटे?"

"पहिला महिना खरंच तसा होता. डिसेंबर होता. गेस्टहाउसची खोली होती. मग फ्लॅट मिळाला, वसंत आला. मी लिहिणार होतो की आता बरं आहे. तेवढ्यात तुझं पत्र आलं, आंबा सोडलास म्हणून. त्यानंतर मी मजेत आहे असं कसं लिहू?"

प्रभाला वाटलं होतं आपण रडू किंवा ओरडू. यांतलं काहीच झालं नाही. तिच्या डोळ्यांपुढे सासूबाईंचा पलंग आला, पत्र वाचताना त्यांच्या डोळ्यातून ओघळणारं पाणी आलं. हा माणूस तेव्हा होडी वल्हवत होता. त्याचंही तिला एवढं वाईट वाटलं नाही. त्यानं वल्हवावी. पण त्याचं दुःख म्हणून जे तिनं आणि त्याच्या आईनं रोज उशाशी घेतलं, ते त्यानं टेबलाशी बसून रचून लिहिलं होतं.

"आल्यावर तरी सांगायचंत," ती म्हणाली. "तुम्ही गप्प बसायचात, चिडायचात, मी म्हणायची तिकडं फार सोसलंय. तुम्ही मला तसं म्हणू दिलंत. तीस वर्षं."

"मला इथली आठवण यायची," वासुदेव म्हणाले. "ते तुला कसं सांगणार होतो?"

"आणि लोकांना सांगितलंत मला विमानाची भीती वाटते."

"काहीतरी सांगावं लागलं."

"ते माझ्यावर घातलंत," प्रभा म्हणाली आणि उठली. त्या रात्री ती मैथिलीच्या खोलीत झोपली.

पुढचे दोन आठवडे घरात तिघंही एकमेकांशी नीट वागत होते, आणि त्याचाच जास्त त्रास होत होता. वासुदेव एकदा सकाळी बूट घालून तिच्यासमोर उभे राहिले. "चल, तुला सगळं दाखवतो. माझं ऑफिस, ती होडीची जागा. सगळं."

"नको," प्रभा म्हणाली. "मला आता तुमचं हॅम्बर्ग नको. मी माझं माझं बघेन."

ते एकटेच गेले.

एका दुपारी ती ऊर्मिलाबाईंबरोबर त्या जुन्या गल्लीत मात्र गेली. विटांची तांबडी इमारत, तिसरा मजला. बाल्कनीत कुणाचेतरी टॉवेल वाळत होते. गल्लीच्या तोंडाशी शाळा अजून होती, आणि मधली सुट्टी चालू होती. सात-आठ वर्षांच्या मुली दोरीवरून उड्या मारत होत्या. प्रभा कुंपणापाशी उभी राहिली. मैथिलीला सात ते नऊ या वयात बाप जवळ नव्हता. ती रोज संध्याकाळी फाटकाशी उभी राहायची, पोस्टमन सायकलवरून उतरला की धावायची. ऊर्मिलाबाई म्हणाल्या, "चला वहिनी, किती वेळ उभ्या राहणार?" तेव्हा प्रभाला कळलं की आपण मघापासून रडतो आहोत.

जूनच्या मध्याला दोघांचं परतीचं तिकीट होतं. प्रभानं मैथिलीला आपलं एकटीचं तिकीट पुढं ढकलायला सांगितलं. व्हिसा ऑगस्टपर्यंत होता. वासुदेवांनी ऐकलं आणि विचारलं, "किती दिवस?"

"माहीत नाही अजून."

ते विमानतळावर आत जाताना एकदा वळून उभे राहिले. प्रभानं हात हलवला नाही. मग मागची माणसं पुढं सरकली आणि ते दिसेनासे झाले. मैथिली रडत होती. प्रभानं तिला रुमाल दिला. मुलीवरचा राग गेला नव्हता, पण तो सांभाळता येण्यासारखा होता. दुसऱ्या रागाचं काय करायचं ते तिला कळत नव्हतं. आपण परत गेल्यावर चहा कोण आधी करणार, इथपासून सगळं नव्यानं ठरवावं लागेल, एवढंच तिला दिसत होतं.

आठवड्यानं पुण्याहून नणंदेचा, शुभावन्संचा फोन आला. आवाजात काळजी होती.

"वहिनी, आता कशी आहे मैथिली? ताप उतरला का?"

"कसला ताप?"

"अहो, दादा म्हणाला ना. तिला एकदम बरं नाहीसं झालं म्हणून तुम्हाला थांबावं लागलं. बिचारा एकटा आलाय, चेहरा एवढासा झालाय त्याचा. मी डबा पाठवतेय दोन्ही वेळचा."

प्रभा खिडकीशी उभी होती. तिला काही सांगत बसायची गरज नव्हती, नेहमीसारखं "हो, आता बरी आहे" म्हणून फोन ठेवला तरी चाललं असतं. वासुदेवांनी तीच अपेक्षा ठेवली असणार.

"वन्सं, मैथिली ठणठणीत आहे," ती म्हणाली. "कामावर गेलीय."

"मग दादा असं कसं म्हणाला?"

"ते त्यांनाच विचारा. मला इथं राहायचं होतं म्हणून मी राहिले. मी आजारी नाही, ती आजारी नाही. आणि तेव्हा, एक्याण्णव साली, कंपनीनं बायकांना नाही म्हटलं नव्हतं. तेही विचारा त्यांना."

शुभावन्सं हळूच म्हणाल्या, "वहिनी, आता या वयात कशाला हे?"

"तुम्ही विचारलंत म्हणून सांगितलं," प्रभा म्हणाली. फोन ठेवून ती पाणी प्यायली, तिनं चपला घातल्या, किल्ली घेतली आणि जिना उतरून खाली गेली. बंदराकडे जाणारी बस कुठल्या बाजूनं येते ते तिला अजून नीट माहीत नव्हतं. थांब्यावर एक मुलगी उभी होती, तिला तिनं खुणेनं विचारलं.